हिशेब मागणे म्हणजे अविश्वास का?

आपल्या समाजात हिशेब मागणे ही मोठी नाजूक गोष्ट समजली जाते. सणाची वर्गणी असो वा संस्थेचा कारभार, ‘पावत्या दाखवा’ असे कुणी म्हटले, की समोरच्याचा चेहरा उतरतो आणि ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ हा प्रश्न ओठांवर येतो. मात्र ज्या खजिनदाराने पावत्यांसह जमाखर्च आपण होऊन सर्वांपुढे ठेवलेला असतो, त्याच्यावर असे विचारण्याची वेळ येत नाही. विश्वास आणि हिशेब यांचे नाते नेमके काय, हा प्रश्न आज शास्त्रीय संशोधनाच्या क्षेत्रात तीव्रतेने उभा आहे. त्याचे उत्तर केवळ शास्त्रज्ञांपुरते मर्यादित नाही, असे आम्हांस वाटते.

ग्रेगोर मेंडेल हे नाव आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत असते. ऑगस्टिनियन संघाच्या या संन्यस्ताने ब्रनो येथील मठाच्या बागेत वाटाण्याची रोपे वाढवली आणि आनुवंशिकतेचे नियम शोधून काढले. १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात ‘गोल दाणे सुरकुतलेल्यांच्या सुमारे तिप्पट निघाले’ एवढेच लिहून ते थांबले नाहीत. गोल दाणे ५४७४ आणि सुरकुतलेले १८५०, अशी प्रत्यक्ष मोजदाद त्यांनी वाचकांपुढे ठेवली. त्या आकड्यांमुळेच १९३६ साली रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाला शंका घेता आली, की हे आकडे अपेक्षित प्रमाणाशी जरा अधिकच जुळतात. प्रयोगांच्या मूळ नोंदवह्या उपलब्ध नसल्याने त्या शंकेचे पूर्ण निरसन आजवर झालेले नाही. मेंडेल यांचे नियम टिकले, कारण इतरांनी ते प्रयोग पुन्हा करून पाहिले. शंका मात्र राहिली, कारण वह्या राहिल्या नाहीत.

मेंडेल यांची मोजदाद एका पानावर मावत होती. आजच्या संशोधकाची आकडेवारी लाखो ओळींची असते आणि तिच्यावरील आकडेमोड संगणक करतो. ती कशी करावी हे सांगणाऱ्या सूचनांच्या मालिकेस आज्ञावली किंवा ‘कोड’ म्हणतात. नियतकालिकात छापला जाणारा शोधनिबंध हा या साऱ्याचा केवळ सारांश असतो. छापण्यापूर्वी तज्ज्ञ तो वाचतात खरे. परंतु बहुधा त्यांच्या हाती निबंधच असतो, त्यामागील आकडेवारी व आज्ञावली नसते. अशा वेळी चूक दडून राहिली तर ती शोधणार कोण?

दोन घटना येथे शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. २०१० साली कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी एका निबंधात असे मांडले, की ज्या प्रगत देशांचे सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांहून अधिक होते, त्यांचा विकासदर सरासरीने शून्याच्याही किंचित खाली, म्हणजे उणे ०.१ टक्के होता. सरकारी खर्चात कपात हवी असे म्हणणाऱ्या अमेरिकेतील व युरोपातील राजकारण्यांना हा आयताच आधार मिळाला. पुढे थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने अभ्यासाचा भाग म्हणून तेच गणित करून पाहिले, तेव्हा उत्तर जुळेना. त्याने लेखकांकडे मूळ तक्ता मागितला आणि त्यांनी तो दिला. त्या एक्सेलच्या तक्त्यात सरासरी काढताना ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश सूत्राबाहेर राहून गेले होते. याखेरीज काही वर्षे वगळण्यावर आणि देशांना दिलेल्या भारांकावरही हर्नडनने आपल्या दोन प्राध्यापकांसह आक्षेप घेतले. २०१३ साली त्या तिघांनी हे सारे दुरुस्त करून काढलेली सरासरी २.२ टक्के निघाली. मूळ लेखकांनी सूत्रातील चूक मान्य केली, इतर आक्षेप मात्र मानले नाहीत. तो वाद पुढे चालला. पण तो उघड्या वहीवरचा वाद होता.

दुसरी घटना कोविडच्या काळातील. २२ मे २०२० रोजी ‘द लॅन्सेट’ या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध आला. ६७१ रुग्णालयांतील सुमारे ९६ हजार रुग्णांच्या नोंदींच्या आधारे त्यात म्हटले होते, की हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची आपली चाचणी काही दिवस थांबवली. नोंदी पुरवणारी सर्जिस्फिअर ही अमेरिकन कंपनी होती. अनेक देशांतील शास्त्रज्ञांनी प्रश्न उपस्थित केल्यावर स्वतंत्र तपासनीसांनी मूळ नोंदी मागितल्या. ग्राहकांशी झालेल्या करारांचे कारण देऊन कंपनीने त्या दिल्या नाहीत. ४ जून रोजी चारपैकी तीन लेखकांनी निबंध मागे घेतला. हे औषध रुग्णालयात दाखल झालेल्या कोविडरुग्णांचे प्राण वाचवत नाही, हे त्यानंतर ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीतून दिसून आले. परंतु त्यामुळे पहिला निबंध निर्दोष ठरत नाही. ज्याची वाट दाखवता येत नाही, तो निष्कर्ष योगायोगाने सत्याच्या जवळ असला तरी ज्ञान ठरत नाही.

दोन्ही ठिकाणी प्रतिष्ठा होती, पदव्या होत्या, नामांकित नियतकालिक होते. फरक एवढाच, की एकीकडे वही मागितल्यावर मिळाली आणि दुसरीकडे मिळाली नाही. आमच्या मते नैतिक सीमारेषा येथेच आहे. चूक न करणे हे माणसाच्या हाती नाही. आपली चूक दुसऱ्याला सापडू शकेल अशी सोय ठेवणे मात्र नक्कीच त्याच्या हाती आहे.

याविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात, ते क्षुल्लक नाहीत. रुग्णाने डॉक्टरांना विश्वासाने सांगितलेली गोष्ट चव्हाट्यावर मांडता येणार नाही. ती मांडणे हाच विश्वासघात ठरेल. परंतु नावे व ओळखीच्या खुणा वगळून, देखरेखीखाली, तपासनीसांपुरती आकडेवारी दाखवता येते. आणि आज्ञावलीत तर गणिताची रीत असते. कुणा रुग्णाची कहाणी तिच्यात असावी लागत नाही. दुसरा आक्षेप कष्टांचा आहे. एखाद्या तरुण संशोधिकेने वर्षानुवर्षे रानावनांत हिंडून गोळा केलेल्या नोंदी दुसऱ्याने घरबसल्या वापराव्यात, हे न्याय्य नव्हे. तिला काही मुदत आणि तिच्या श्रमाचे श्रेय मिळालेच पाहिजे. तरीही १९९६ साली बर्म्युडा येथे जमलेल्या जनुकशास्त्रज्ञांनी मानवी जनुकांच्या नोंदी शक्यतो २४ तासांच्या आत सर्वांसाठी खुल्या करण्याचे ठरवले, हे विसरता कामा नये.

नुसते नियम केल्याने मात्र भागत नाही. ‘सायन्स’ या नियतकालिकाने २०११ साली आकडेवारी व आज्ञावली मागणाऱ्यास देणे लेखकांना बंधनकारक केले. त्यानंतरच्या २०४ निबंधांची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. ४४ टक्के निबंधांबाबतच सामग्री हाती आली, आणि निष्कर्ष पुन्हा काढता येतील असे निबंध अवघे २६ टक्के असल्याचा अंदाज निघाला. बाकीचे सारे लबाड होते, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. कुणाकडे नोंदी नीट लावलेल्या नसतील, कुणाला सवड नसेल, कुणाला भीती वाटली असेल.

ती भीती समजून घेतली पाहिजे. एक्सेलची ती चूक जगभर चेष्टेचा विषय झाली. ज्यांनी तक्ता नाकारला असता, त्यांच्यावर कदाचित कुणी हसलेही नसते. वही उघडणाऱ्याची फजिती करायची आणि कुलूप लावणाऱ्याला सन्मानाने नांदू द्यायचे, अशी रीत पडली तर उद्या वही कोण उघडील? म्हणून या व्यवहारात कर्तव्ये दोन्हीकडे आहेत. दाखवणाऱ्याने काही लपवू नये आणि तपासणाऱ्याने चूक दाखवताना माणसाला उणे करू नये. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. चुकणे हा माणसाचा स्वभाव आहे हे दोघांनाही ठाऊक असताना परस्परांवर ठेवलेल्या विश्वासाचेच ते एक रूप आहे.