शंकासमाधान : सही राहिली, तर बिशप खरे की खोटे?

शंका : यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही बरीच वर्षे सिल्वासात आहोत. मुलीचे दृढीकरण गावाकडच्या मंडळीत करायचे ठरले होते. पांढरा फ्रॉक शिवून कपाटात टांगला आहे. पण तिकडे नव्या बिशपांच्या निवडीवरून दोन तट पडले आहेत. सभेची नोटीस उशिरा गेली, संमतीच्या काही सह्या मागाहून घेतल्या, असा आक्षेप आहे. माझा भाऊ म्हणतो, ‘सही नाही तर बिशप नाही, त्यांचा हात पोरीच्या डोक्यावर नको.’ यजमान म्हणतात, ‘देव काय रजिस्टर तपासतो?’ खरे कोणाचे? — एक भगिनी, सिल्वासा

समाधान : ताई, आधी यजमानांविषयी. सन 325 मध्ये निकाया येथे जमलेल्या धर्मसभेने नियम केला : बिशपांची नेमणूक प्रांतातल्या सगळ्या बिशपांनी मिळून करावी, अंतरामुळे किंवा निकडीमुळे ते जमत नसेल, तर निदान तिघांनी एकत्र यावे, न आलेल्यांची संमती लेखी घ्यावी आणि मगच हस्तार्पण करावे. झाले ते कायम करणे मुख्य बिशपांकडे. लेखी संमतीचा हा नियम दूर राहणाऱ्यासाठी झाला. सभेची नोटीस उशिरा गेली, की शहरातले सभासद वेळेवर पोहोचतात; पहाटेची एसटी धरून येणारा खेड्यातला पंच तेवढा मागे राहतो. सही म्हणजे त्याचा शब्द. तो न विचारता गृहीत धरणे हा अन्याय आहे.

म्हणूनच काही ठिकाणी हे काटेकोर पाळतात. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चमध्ये 2006 साली साउथ कॅरोलायनाने मार्क लॉरेन्स यांना बिशप म्हणून निवडले. देशभरच्या धर्मप्रांतांच्या स्थायी समित्यांपैकी बहुसंख्यांची संमती 120 दिवसांत यावी लागते. काही पत्रांवर नियमाप्रमाणे सह्या नव्हत्या, म्हणून मार्च 2007 मध्ये निवड रद्द ठरली. लोकांनी ऑगस्टमध्ये त्यांनाच पुन्हा निवडले, संमती पुरी झाली आणि 26 जानेवारी 2008 रोजी त्यांचे हस्तार्पण झाले. मात्र 2012 मध्ये लॉरेन्स आणि त्यांच्या बहुतेक मंडळ्या त्या चर्चपासून वेगळ्या झाल्या. सह्या पुऱ्या झाल्या, तरी मने जुळवण्याचे काम उरतेच.

आता भावाविषयी. गोव्यातल्या दिवाडी बेटावरचे मातेउश द काश्त्रु हे ब्राह्मण घरातले ख्रिस्ती. गोव्यात धर्मगुरुपदाची दीक्षा मिळेना, म्हणून ते रोमला गेले. तिथे दीक्षा घेतली आणि 1637 मध्ये ते बिशप झाले. विजापूरच्या आदिलशाही मुलखाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. परतल्यावर गोव्याच्या अधिकाऱ्यांनी त्यांची पत्रे मानली नाहीत, कारण त्यांवर पोर्तुगालच्या राजाची मंजुरी नव्हती. काश्त्रु आदिलशाही मुलखातल्या डिचोलीत जाऊन राहिले. मंजुरीचा नियम खोटा नव्हता. पण तो पुढे करून आपल्याच मातीतल्या माणसाला दाराबाहेर ठेवले गेले. पुढे पोर्तुगालच्या राजाने नेमलेल्या बिशपांना रोम मान्यता देईना. 1652 मध्ये आर्चबिशप वारल्यावर नवे आर्चबिशप गोव्यात यायला वीसहून अधिक वर्षे लागली. हक्क राजाचा की पोपांचा, हा वाद वर चालला आणि खाली मंडळी मेंढपाळावाचून राहिली.

भावाला एवढेच विचारा : हीच चूक आपल्या पसंतीच्या माणसाच्या निवडीत झाली असती, तर हेच म्हटले असते का? मनापासून ‘हो’ आले, तर त्याने आक्षेप लेखी द्यावा, चर्चच्या न्यायमंडळापुढे मांडावा.

आणि मुलीचे? बिशपांचे हस्तार्पण बिशपांच्या हातून झाले असेल आणि चर्चने त्यांना कामावरून थांबवले नसेल, तर दृढीकरण खरे. निवडीतली चूक पदाच्या हिशेबात धरली जाईल. मुलीला मिळणारी कृपा देवाची आहे. फ्रॉक कपाटातून काढा. भावालाही बोलवा.

शंका : सिल्वासाच्या आमच्या चर्चमध्ये बिशपांसाठी मतदान झाल्याचे ऐकले नाही. मग आमच्याकडे नियमच नाहीत का? — एक युवक

समाधान : आहेत. पिएदाद मातेचे तुमचे 1897 चे चर्च गोवा आणि दमण आर्चडायोसिसमध्ये येते. कॅथलिक धर्मसंहितेच्या 377 व्या कलमाप्रमाणे पोप बिशपांना स्वतः नेमतात किंवा रीतसर निवडलेल्याला मान्यता देतात. पुढे कोणत्याही सरकारला नेमणुकीचा हक्क द्यायचा नाही, असेही त्यात आहे. नेमलेल्या बिशपांनाही पोपांचे पत्र सल्लागार मंडळाला दाखवूनच धर्मप्रांताचा ताबा घ्यावा लागतो. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात स्थापन झाले; तिथे धर्मप्रांताची परिषद नावे पाठवते आणि निवड सिनडच्या पातळीवर पक्की होते. वाटा दोन आहेत. पण ‘मीच मला नेमले’ असे म्हणायची सोय दोन्हींकडे नाही.

शंका : मी एका मंडळीचा चिटणीस आहे. एका निवडीत नियम माहीत नसल्याने माझ्या हातून चूक झाली. आता बोललो तर अब्रू जाईल. गप्प बसू का? — एक सेवक

समाधान : बंधो, संत ऑगस्टीन यांची गोष्ट ऐका. हिप्पोचे वृद्ध बिशप वालेरियस हयात असतानाच ऑगस्टीन यांचेही तिथले बिशप म्हणून हस्तार्पण झाले. एका शहरात दोन बिशप नसावेत, हा निकायाचा नियम तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हता. पुढे 426 साली आपला वारस म्हणून एराक्लियसचे नाव सांगताना ऑगस्टीन यांनी भर मंडळीत ती चूक बोलून दाखवली. आपण आहोत तोवर एराक्लियसने धर्मगुरूच राहावे, असे ठरवले. आणि त्यांचे ते बोलणे लेखनिक तिथेच टिपून घेत होते.

तुमची अब्रू त्यांच्याहून मोठी नाही, माझीही नाही. पुढच्या सभेत उभे राहा, काय राहिले ते सांगा आणि इतिवृत्तात तशी नोंद करा. खाली तारीख घाला आणि सही करा.