दशमीची दुपार आणि एक गिफ्ट कार्ड



आजचं वाचन गीतेचा सतरावा अध्याय, श्लोक २० ते २२. दानाचे तीन प्रकार. पहिलं सात्त्विक: द्यायला हवं म्हणून दिलेलं, परतफेड करू न शकणाऱ्याला दिलेलं, आणि देश, काल, पात्र बघून दिलेलं. दुसरं राजस: बदल्यात काही मिळावं म्हणून किंवा जिवावर येऊन दिलेलं. तिसरं तामस: चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी, मान न राखता दिलेलं. श्लोक तसे सोपे आहेत. खरं तर आज मी ‘देश’ या शब्दावर लिहिणार होतो. पण काल रात्री एक मेसेज आला आणि सगळं लिखाण ‘काल’ या शब्दाकडे वळलं.

मेसेज आमच्या शनिवारच्या वाचनाला येणाऱ्या एका मुलाचा. (त्याला विचारूनच लिहितोय. नाव विचारू नका.) आम्ही दोघंही जांब्यात राहतो. हिंजवडी आणि मारुंजीला लागून असलेलं आमचं गाव, म्हणजे एका बाजूला शेत आणि दुसऱ्या बाजूला टॉवर. मेसेज असा होता:

“दादा, माझ्याकडे एका हॉटेलचं तीन हजारांचं गिफ्ट कार्ड आहे. रविवारी संपतंय. रविवारी एकादशी आहे. उपवास मोडू की पैसे बुडू देऊ? की कुणाला देऊन टाकू?”

पहिल्यांदा हसू आलं. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याकडे उगाच नाही आलेली! पण मग मी त्याला फोन केला, आणि हसू थांबलं. ते कार्ड त्याला निरोपाचं म्हणून मिळालं होतं. गेल्या वर्षी त्याच्या कंपनीत कपात झाली, त्यात हा गेला. टीममधल्या पाच-सहा जणांनी वर्गणी काढून शेवटच्या दिवशी हातात पाकीट दिलं. तेव्हापासून ते कपाटात पडून आहे. मधे चार महिने एक नोकरी मिळाली, तीही सुटली. घरी अजून सांगितलेलं नाही. “दादा, आनंद असला की माणूस हॉटेलात जातो. मी काय साजरं करायला जाऊ?” हे त्याचं म्हणणं. आणि रोज रात्री मॅगी.

म्हणजे एकादशी हा प्रश्न नव्हताच. प्रश्न असा होता की मिळालेली चांगली गोष्ट घेण्याचा आपल्याला हक्क आहे की नाही.

आधी व्यवहाराचं बघू, कारण व्यवहार सोडून अध्यात्म करणाऱ्याचं कार्ड नक्की बुडतं. आपल्याकडे कार्डं दोन जातींची असतात. बँकेनं किंवा वॉलेट कंपनीनं काढलेलं, कितीतरी दुकानांत चालणारं गिफ्ट कार्ड रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली येतं. २०२१ च्या निर्देशांप्रमाणे ते दहा हजारांपर्यंतचंच असतं, किमान एक वर्ष चालायला हवं, संपण्याआधीच्या ४५ दिवसांत धारकाला सूचना द्यायला हवी, आणि धारकानं मागितलं तर मुदत वाढवून द्यायला हवी. पण एखाद्या हॉटेलनं स्वतःच्याच शाखांसाठी काढलेलं कार्ड असेल, तर त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, आणि हे नियमही लागू होत नाहीत. तिथे मागच्या बाजूला बारीक अक्षरांत जे छापलंय तेच शास्त्र. याचं कार्ड हे दुसऱ्या जातीचं. मागे लिहिलंय: एकाच वेळी वापरावे, उरलेली रक्कम परत मिळणार नाही. तरी मी त्याला म्हटलं, एक फोन करून मुदत वाढवून मिळते का विचार, विचारायला काय जातंय. त्यानं सकाळी केला. नाही म्हणाले, पण नीट बोलले.

तर मुदत आहे. आणि आपल्याला मुदतीचा राग येतो. “देवाचं देणं अक्षय असतं, माणसाच्या देण्यालाच तारीख असते,” असं काहीतरी आपण चटकन म्हणून टाकतो. पण हे खरं आहे का? अक्षयपात्राचीच गोष्ट घ्या ना.

वनपर्वात पांडव वनवासाला निघतात, आणि त्यांच्या मागोमाग ब्राह्मणांचा मोठा समुदायही निघतो. युधिष्ठिराला चिंता पडते की या सगळ्यांना खायला काय घालू? स्वतःचं राज्य गेलंय याची चिंता नंतर. धौम्य ऋषी त्याला सूर्याची उपासना सांगतात. सूर्य प्रसन्न होतो आणि तांब्याचं एक भांडं देतो. आता अटी नीट वाचा. एक, हे अन्न बारा वर्षं मिळेल. म्हणजे वनवासापुरतं. दोन, रोज द्रौपदीचं जेवण होईपर्यंत ते संपणार नाही, ती जेवली की त्या दिवसापुरतं संपलं.

ज्याचं नावच अक्षय, त्याला बारा वर्षांची मुदत आणि वर रोजची वेगळी मुदत! सूर्यानं दिलेलं असूनही. सूर्यानं दिलेलं म्हणूनच कदाचित, कारण मावळतं कसं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

पुढची दुर्वासांची गोष्ट तुम्हाला माहीत आहे: द्रौपदी जेवून बसली, आणि शिष्यांचा तांडा घेऊन ऋषी दारात. मग कृष्ण येतो, भांड्याच्या काठाला चिकटलेलं भाजीचं पान खातो वगैरे. (पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची जी चिकित्सित आवृत्ती काढली, तिच्या मूळ संहितेत ही कथा घेतलेली नाही. पण आजीच्या संहितेत ती आहेच, त्यामुळे राहू दे.) कीर्तनांत सगळे त्या पानावर थांबतात. मला मात्र त्याआधीचं, रोजचं दृश्य जास्त आवडतं. आधी पाहुणे जेवतात, मग धाकटे भाऊ, मग युधिष्ठिर, आणि सगळ्यांत शेवटी द्रौपदी. ती शेवटी जेवते, पण जेवते. “सगळ्यांचं झालं ना, मला नको, मी काय एवढी मोठी” असं म्हणून ती भांडं तसंच ठेवून देत नाही. तिचं जेवण हाच त्या देण्याचा शेवट आहे. ती जेवली नाही तर तो दिवस पुराच होत नाही.

मी हे त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “पण दादा, तिनं आधी शंभर जणांना वाढलं होतं. मी कुणाला वाढलंय?”

मुद्दा बरोबर होता. म्हणून आता देण्याकडे येतो.

भर्तृहरीनं नीतिशतकात पैशाच्या तीनच वाटा सांगितल्यात: द्यावा, भोगावा, नाहीतर तो नासतो. जो पहिल्या दोन वाटांनी जात नाही तो आपोआप तिसरीनं जातो. गिफ्ट कार्डाला तर हे इतकं चपखल बसतं की भर्तृहरी हिंजवडीत नोकरीला होता की काय असं वाटावं. फरक इतकाच की तिसऱ्या वाटेनं गेलेला पैसा हवेत विरत नाही. न वापरलेल्या कार्डांची रक्कम शेवटी कार्ड काढणाऱ्याच्याच उत्पन्नात जमा होते, आणि हिशेबनीस लोकांकडे त्याला शब्दही आहे, ‘ब्रेकेज’. म्हणजे त्या पाच-सहा मित्रांनी स्वतःच्या पगारातून काढलेले पैसे एका हॉटेलला, एक पोळीही न भाजता, मिळाले असते. हॉटेलचा यात दोष नाही. तारीख छापलेली आहे.

मग उरतं दान. “कुणाला देऊन टाकू?” हा त्याचा प्रश्न. या ‘टाकू’वर माझा आक्षेप आहे.

आमच्याच सोसायटीतली एक गोष्ट सांगतो. मागच्या दिवाळीत एका घरी असंच कार्ड पडून होतं, दोन दिवस उरलेले. त्यांनी ते कामाला येणाऱ्या मावशींना दिलं. हेतू चांगलाच. मावशी मुलीला घेऊन गेल्या. हॉटेल मॉलमध्ये, रिक्षाला जाता-येता तीनशे रुपये. मेनू इंग्रजीत. काय मागवावं कळेना, बिल कार्डापेक्षा वर गेलं तर काय, हेही कळेना. दहा मिनिटं बसून दोघी उठल्या आणि बाहेर वडापाव खाऊन घरी आल्या. दुसऱ्या दिवशी मावशींनी कार्ड परत आणून दिलं. “वहिनी, तुमचं हे तसंच हाय बघा,” एवढंच म्हणाल्या. तोवर ते संपलेलं होतं.

कठोपनिषदाची सुरुवात आठवते का? वाजश्रवस यज्ञ करतो, ज्यात सर्वस्व द्यायचं असतं. आणि तो देतो गाई. कसल्या? ज्यांचं पाणी पिऊन झालंय, गवत खाऊन झालंय, दूध देऊन झालंय अशा. नचिकेता लहान आहे, पण त्याला ते दिसतं आणि तो अस्वस्थ होतो. बापाला तो थेट चूक म्हणत नाही, फक्त विचारतो की बाबा, मला कुणाला देणार? सगळं उपनिषद त्या अस्वस्थतेतून उगवलं आहे. आपल्याला जड झालेलं दुसऱ्याच्या गळ्यात घालणं आणि त्याला दान म्हणणं, हे एका पोराच्या डोळ्यांतून सुटलं नाही.

उद्या संपणारं कार्ड मावशींच्या हातात ठेवणं म्हणजे भाकड गाय देणं का? कार्डाची किंमत तर पूर्ण होती, मग कमी काय पडलं? इथे आजचा बाविसावा श्लोक उपयोगी पडतो. तिथे वस्तूच्या किमतीबद्दल एक अक्षर नाही. अयोग्य जागा, अयोग्य वेळ, आणि सत्काराचा अभाव, यांवर सगळा भर आहे. सत्कार म्हणजे हार-तुरे नव्हेत. “मावशी, रविवारी आमच्याबरोबर चला, आपण सगळे जेवू” एवढं म्हणणं हा सत्कार झाला असता. किंवा जेवण बांधून आणून गरम असताना त्यांच्या घरी पोचवणं. तीच रक्कम, तेच हॉटेल, पण मग तो विसाव्या श्लोकाकडे सरकला असता. आणि शिळं होऊ न देता! याच अध्यायाच्या दहाव्या श्लोकात ‘यातयाम’ अन्नाला तामस म्हटलंय, म्हणजे ज्याची वेळ टळून गेली ते. ते अन्नाबद्दल आहे हे मान्य. पण मला अलीकडे वाटतं की देणंही यातयाम होतं.

परत आमच्या मुलाकडे. त्याला मी विचारलं, पात्र म्हणजे कोण? तो म्हणाला, गरजू. म्हटलं, गेले तीन आठवडे रात्री काय खातोयस? गप्प.

बघा, भक्तिमार्गातल्या तरुण मुलांचं एक होतं. स्वतःला वगळून करुणा करायची सवय लागते. भागवताच्या सातव्या स्कंधात, चौदाव्या अध्यायात, नारद युधिष्ठिराला गृहस्थधर्म सांगतात. त्यात ते म्हणतात की पोट भरेल तेवढ्यावरच माणसाचा हक्क, त्याहून जास्तीवर आपलेपणा सांगणारा चोर. हे वचन आपण नेहमी दुसऱ्या अर्ध्यासाठी वापरतो, चोर शब्दावर जोर देऊन. पण पहिलं अर्धं वाचा. पोट भरेल तेवढ्यावर हक्क *आहे*. नोकरी असलेल्याचा आहे, नसलेल्याचाही आहे. पगाराची स्लिप तिथे मागितलेली नाही. आणि ज्या मित्रांनी वर्गणी काढली, त्यांनी याच्या यशासाठी नाही काढली. तो जात होता म्हणून काढली. त्यांचं दान तर देश-काल-पात्र सगळं बघून झालेलं आहे, घेणारा तेवढा कपाटाशी अडलाय.

“आणि एकादशी?” त्यानं शेवटी विचारलं. एकादशी पाळ, अगदी निर्जळ नको, पण पाळ. पण कार्ड रविवारपर्यंत चालतं, रविवारीच चालतं असं नाही ना! शनिवारी दशमी आहे. परंपरेनं दशमीला एकभुक्त राहायचं, म्हणजे दुपारी एकदाच नीट जेवायचं आणि रात्री काही नाही. दशमीच्या दुपारचं जेवण व्यवस्थित झालं तर एकादशी हलकी जाते, हे घरातल्या बायकांना विचारा.

तर ठरलंय असं. शनिवारी साडेबाराला. तो, त्याचा रूममेट (त्यालाही सध्या काम नाही), आणि आमच्या गेटवरचे काका, ज्यांची रात्रपाळी संपून झोप झालेली असेल. काकांना त्यानं स्वतः जाऊन विचारलं. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या: पनीर तिखट असतं का, आणि चप्पल चालते का. मीही जातोय, माझ्या ताटाचे पैसे मी देणार. तीन हजारांत तिघांचं जीएसटीसकट आरामात होतं, मी मेनू बघून ठेवलाय. जे उरेल त्याच्या रोट्या आणि डाळ बांधून घ्यायची आणि परत येताना मावशींच्या घरी द्यायची, गरम असताना. त्यांचं घर वाटेवरच आहे.

आणि जेवण आल्यावर आधी फोटो काढून त्या जुन्या टीमच्या ग्रुपवर टाकायचा, हे मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. तो ग्रुप त्यानं वर्षभर म्यूट केलेला आहे. घरी सांगायचं मात्र त्याच्यावर सोडलंय. त्याला मुदत मी घालणार नाही.

तुमच्या पाकिटात, मेलमध्ये, कपाटात असं काही असेल तर आज रात्री वाचन झाल्यावर तारीख बघा. उद्या सतराव्या अध्यायाचा तेविसावा श्लोक, ॐ तत् सत्.

राम कृष्ण हरी 🙏