विश्रांती कोणाची?

मुलांच्या परीक्षा संपत आल्या की बंगळूरमधील आमच्यासारख्या नोकरदार कुटुंबांत एक विषय हटकून निघतो: ह्या वर्षी समुद्रावर जावयाचे का? हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर वसलेले आहे. हवा उत्तम, परंतु ज्यांचे बालपण वसई, रत्नागिरी वा कारवारच्या बाजूस गेले, त्यांच्या मनात लाटांची गाज काही केल्या थांबत नाही. प्रवासही आता अवघड राहिलेला नाही. रात्री येथून निघणारी पंचगंगा एक्सप्रेस सकलेशपूरचा घाट उतरते आणि उडुपी, भटकळ, कुमठा, गोकर्ण रोड करीत सकाळी कारवार गाठते. समुद्र केवळ एका रात्रीच्या झोपेएवढा दूर आहे.

तेव्हा आम्हीही ठरविले. पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या आठवड्यात गोकर्णच्या बाजूला चार दिवस राहावयाचे. खर्च आटोक्यात राहावा म्हणून हॉटेल न घेता स्वयंपाकघर असलेले भाड्याचे घर घ्यावयाचे. देवदर्शनाच्या, किल्ल्यांच्या, धबधब्यांच्या याद्या नकोत. वाळूत बसावे, मुलांनी खड्डे खणावेत, आईने सायंकाळी खुर्ची टाकून सूर्यास्त पाहावा. काहीही करावयाचे नाही, हाच कार्यक्रम. ह्या 'काहीही न करण्याची' योजना लिहिता लिहिता माझे दोन कागद भरले, हे येथे कबूल केले पाहिजे.

सुटीवर पैसा घालविणे ही चैन होय, असे आपल्या मागील पिढीतील पुष्कळांना वाटत असे. त्या वादात मी शिरत नाही. ज्या देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला त्याच्या लेकरांनी विसाव्याची लाज बाळगण्याचे कारण मला दिसत नाही. माझी अडचण निराळीच होती.

आमच्या घरी धुण्याभांड्यास येणाऱ्या बाई रायचूरकडील आहेत. माझी पत्नी त्यांना अक्का म्हणते आणि त्याही तिला अक्काच म्हणतात; दोघींत थोरली कोण, ह्याचा निकाल अद्याप लागलेला नाही. अक्कांनी समुद्र पाहिलेला नाही. माझ्या मनात आले, त्यांनाच बरोबर न्यावे. त्यांना समुद्र दिसेल, आईच्या हाताशी कोणी राहील आणि माझ्या पत्नीलाही खरीखुरी विश्रांती मिळेल. एका तिकिटात तीन पुण्ये! मोठ्या उत्साहाने मी हा बेत त्यांच्यापुढे मांडला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "एकूण माणसं किती, साहेब?"

वाचकहो, त्या प्रश्नात तक्रार नव्हती. रोज वेगवेगळ्या घरांतील भांड्यांचा अंदाज घेणाऱ्या बाईचा तो साधा हिशेब होता. परंतु मी ज्याला भेट म्हणत होतो ते त्यांच्या दृष्टीने काय होते, हे मला त्या चार शब्दांत कळले. घर बदलणार होते, काम तेच राहणार होते. आणि रात्री स्वतःच्या घरी जाण्याची सोय तेवढी नाहीशी होणार होती.

शब्बाथाची आज्ञा आपण लहानपणी पाठ केलेली असते. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात तिचे कारण सृष्टीच्या उत्पत्तीत दिले आहे. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात तीच आज्ञा पुन्हा येते तेव्हा मात्र कारण बदलते. तेथे दास, दासी, बैल, गाढव व वेशीच्या आतील उपरा ह्यांची नावे घेऊन झाल्यावर, तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, असा हेतू सांगितला आहे आणि मिसर देशातील गुलामीची आठवण करून दिली आहे. ज्याला कधी सुटी मिळाली नव्हती, त्याला सुटी देताना देव बजावतो की, आता तू कोणाचा मिसर होऊ नकोस. विश्रांती ही केवळ माझ्या शरीराची गरज नसून माझ्या हाताखालच्या माणसाशी असलेला माझा व्यवहार आहे, हे ह्या दुसऱ्या पाठात जितके स्पष्ट आहे तितके पहिल्यात नाही.

आपल्या महाराष्ट्रात हा व्यवहार रस्त्यावर येऊन मागावा लागला. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी कित्येक वर्षे झुंज दिली. १८९० च्या एप्रिलमध्ये भरलेल्या कामगारांच्या प्रचंड सभेत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली. लोखंडे सत्यशोधक होते, ख्रिस्ती नव्हते. ज्या रविवारी आपण निवांतपणे उपासनेस जातो त्या रविवारचे थोडे ऋण त्यांच्याकडेही आहे, हे आपल्या उपदेशपीठांवरून क्वचितच ऐकू येते.

गिरणीला भोंगा होता, दरवाजा होता. म्हणून सुटी मोजता आली. घरकामाला दरवाजा नाही. २०११ साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी करार संमत केला आणि आठवड्यातून सलग चोवीस तासांची विश्रांती हा त्यांचा हक्क मानला. त्याच्या जोडीला ज्या शिफारशी झाल्या त्यांत एक वाक्य जणू माझ्यासाठीच घातलेले आहे: मालकाच्या कुटुंबाबरोबर त्यांच्या सहलीस गेलेला काळ हा घरकामगाराच्या पगारी रजेत धरू नये, अशा अर्थाचे. भारताने त्या करारावर शिक्कामोर्तब केलेले नाही. परंतु माझ्या घरात अक्कांची रजा कशी धरावी, ह्यासाठी मला संसदेची वाट पाहावी लागत नाही.

कोणी म्हणेल, आपण उगाच कीस पाडीत आहात. जास्त पैसे द्या, त्या आनंदाने येतील. हा आक्षेप पोकळ नाही. गरिबाच्या हातचे चार पैसे आपल्या सोवळ्या विवेकासाठी काढून घेणे हाही एक अन्यायच आहे. मग मी दुसरा विचार केला. त्यांना पाहुणी म्हणून न्यावे, एकाही भांड्यास हात लावू देऊ नये. तर तेही जमेना. ज्यांच्या घरी वर्षानुवर्षे उभ्याने चहा घेतला त्यांच्या ओसरीवर हात बांधून चार दिवस बसणे ही त्या बाईला शिक्षा झाली असती. उभ्याने चहा, हे लिहितानाही मला बरे वाटत नाही.

दुसरीकडे माझी पत्नी शांतपणे विचारीत होती, "अक्का येणार नसतील तर त्या स्वयंपाकघरात कोण उभे राहणार?" आज्ञेतील त्या यादीत मुलगा आहे, मुलगी आहे, बैलसुद्धा आहे, पत्नी नाही. 'तू' ह्या शब्दातच पतिपत्नी दोघे आले, असे भाष्यकार सांगतात व ते बरोबर असावे. तथापि रविवारी उपासनेहून परतल्यावर आपल्या घरांत पंख्याखाली कोण बसते आणि रेशमी साडी न बदलताच मटणाला फोडणी देण्यास कोण धावते, हे पाहिले म्हणजे व्यवहारात आपण तिला यादीबाहेरच ठेवले आहे, असे म्हणणे प्राप्त होते. स्वयंपाकघर असलेले घर स्वस्त पडते ते कोणाच्या जिवावर, हे मी माझ्या दोन कागदांत कोठेच मांडले नव्हते.

मार्काच्या सहाव्या अध्यायात एक सुटी मोडल्याची हकीकत आहे. प्रेषितांना जेवावयासही सवड उरली नव्हती, म्हणून प्रभूने त्यांना तारवात घालून एकांती नेले. तर लोकसमुदाय किनाऱ्याने पायी धावत त्यांच्या आधीच तेथे हजर! प्रभूला त्यांचा कळवळा आला आणि संध्याकाळपर्यंत विश्रांतीस आलेले शिष्य पाच हजारांना वाढीत उभे राहिले. गरज पडली की विसावा सोडावा लागतो, असा दाखला म्हणून हा उतारा आपण अनेकदा ऐकतो. परंतु तेथे ज्यांनी विसावा सोडला तो त्यांचा स्वतःचा होता. प्रभूने दुसऱ्या कोणाची सुटी खर्ची घातली नाही. आणि योहानाच्या शेवटच्या अध्यायात, रात्रभर जाळी ओढून थकलेले कोळी तिबिर्याच्या काठाला लागतात तेव्हा कोळशाचा विस्तव पेटलेला आहे, त्यावर मासळी आहे, भाकर आहे, आणि न्याहारी करणारा पुनरुत्थित ख्रिस्त आहे. किनाऱ्यावरच्या त्या जेवणात दमलेले बसले आहेत आणि धनी चुलीपाशी आहे.

आमच्या योजनेचा तिसरा कागद आता असा झाला आहे. दोन जेवणे जवळच्या खानावळीत. तेथेही कोणी तरी राबणारच, तेव्हा दर पाहून घासाघीस करावयाची नाही. उरलेली माझ्याकडे व थोरल्या मुलाकडे. आईच्या मऊ भाताचे प्रमाण मी लिहून घेतले आहे. भांड्यांच्या पाळ्या फ्रिजवर लावल्या आहेत आणि त्यांवरून घरात एक भांडण होऊनही गेले. अक्कांना ते चार दिवस पगारी रजा. परंतु त्या आणखी तीन घरी जातात. एकाच घराने सुटी दिली तर ती सुटी नव्हे, नुसता एक फेरा कमी. म्हणून आम्ही त्या तिन्ही घरांची दारे वाजविली. दोघांनी होकार दिला. तिसऱ्यांकडे पाहुणे येणार आहेत, त्यांचे अद्याप नक्की नाही.

काल मी अक्कांना म्हटले, "पुढच्या वर्षी तुम्ही तुमच्या मुलीला घेऊन जा, गाडीची तिकिटे आम्ही काढू." त्या हसल्या. म्हणाल्या, "समुद्र पुढं बघू, साहेब. आधी दोन दिवस झोपते."