माडीवरच्या खोलीतील दहा दिवस



गेला महिनाभर आपल्या धर्मग्रामातील एक युवक शेवटच्या बाकावर, अगदी दाराजवळ बसतो. परमप्रसाद घेऊन जागेवर परतताना त्याचा हात खिशाकडे जातो. वेदीवरून आम्हा धर्मगुरूंना किती दिसते, ह्याची तुम्हाला कल्पना नाही! एका रविवारी मी त्याला गाठले आणि विचारले, "काय रे, कोणाच्या फोनची वाट पाहतोस?" माझ्या मनात वेगळाच संशय होता. तो म्हणाला, "फोन नाही, फादर. ईमेल."

पुढचे त्याच्या परवानगीने लिहितो. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दुसऱ्या कंपन्यांना धंद्यातील अडचणींवर सल्ला देणाऱ्या एका कन्सल्टिंग कंपनीत, उन्हाळ्याच्या दोन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी त्याने अर्ज केला होता. आधी चाचणी, मग मुलाखतीच्या दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत त्याला विचारले, मुंबईत एका दिवसात चहाचे किती कप विकले जात असतील? त्याचे उत्तर कोणालाच ठाऊक नसते. लोकसंख्या किती, त्यात बाहेर चहा पिणारे किती, एक टपरी दिवसाला किती कप विकेल, असा हिशेब तुम्ही कसा मांडता, हे त्यांना पाहायचे असते. दुसऱ्या फेरीत एका बिस्किटांच्या कारखान्याचा नफा का घसरला, ते शोधायचे होते. दोन्ही चांगले झाले. "आठवडाभरात कळवू," असे सांगून त्याला निरोप दिला. तेव्हा मार्चची अखेर होती. आता मे उजाडला. सोबतचे दोघे दुसरीकडे रुजूही झाले.

"पप्पा आधी वाडीतून आले की रोज विचारायचे," तो म्हणाला. "आता विचारत नाहीत. तेच जास्त लागते, फादर."

युवक मंडळाच्या सभेला तो येईनासा झाला होता. कोणी विचारले तर काय सांगायचे? नकार आला असता तर सांगता आला असता. इथे सांगण्यासारखे काहीच नव्हते.

मी थोडी चौकशी केली. पुष्कळदा कंपनी पहिल्या पसंतीच्या उमेदवारांना पत्र देते आणि त्यांचा होकार येईपर्यंत पुढच्यांना ताटकळत ठेवते. 'तू दुसऱ्या क्रमांकावर आहेस' हे मात्र कोणी कळवीत नाही. म्हणजे मौन हा निकाल नसतो. तरी रात्री दोन वाजता अंथरुणावर पडलेल्या मुलाला तो निकालच वाटतो, आणि तोही नोकरीचा नव्हे, स्वतःचा.

आज आपण प्रभूच्या स्वर्गारोहणाचा सण साजरा करीत आहोत. प्रभूने शिष्यांना शहरातच थांबून राहण्यास सांगितले. किती दिवस, ते सांगितले नाही. काळवेळ जाणणे तुमचे काम नव्हे, असेही बजावले. आपण आज मोजून सांगतो की पेन्टेकॉस्टपर्यंत दहा दिवस होते. त्यांना ते माहीत नव्हते. ते काय करीत होते? माडीवरच्या खोलीत एकत्र राहिले, पवित्र मरियेसोबत प्रार्थना करीत राहिले. आणि ह्याच दिवसांत तिथे एक निवड झाली.

यहूदाची जागा रिकामी होती. अट अशी की, योहानाच्या बाप्तिस्म्यापासून स्वर्गारोहणापर्यंत जो प्रभूसोबत होता, तोच हवा. दोघे पात्र ठरले: युस्त हे उपनाव असलेला योसेफ बर्सबा, आणि मत्थिया. चिठ्ठी मत्थियाच्या नावाची निघाली. १४ मे रोजी आपण त्याचा सण पाळतो. युस्ताचे नाव नव्या करारात पुन्हा येत नाही. (खरे तर मत्थियाचेही येत नाही!) युस्ताची पात्रता कमी होती, असे पवित्र शास्त्र कुठेही म्हणत नाही. जागा एकच होती. पण पुढच्या अध्यायात ते सर्व एकत्र होते आणि अग्नीच्या जिभा प्रत्येकावर उतरल्या, असे लिहिले आहे. युस्त रुसून घरी निघून गेला असे मला वाटत नाही. निवड न झालेल्या माणसावरही तोच आत्मा, त्याच मापाने उतरला.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना मला गाब्रिएल मार्सेल हा फ्रेंच विचारवंत भेटला, म्हणजे पुस्तकातून. पहिल्या महायुद्धात तो रेड क्रॉसच्या माहिती कार्यालयात काम करीत होता. बेपत्ता सैनिकांचे नातेवाईक चौकशीला येत. समोर कार्डांची रास, आणि प्रत्येक कार्डामागे कोणाची तरी आई. त्या अनुभवातून त्याचे पुढचे चिंतन घडले. १९२९ साली तो कॅथोलिक झाला. 'मला हे मिळेलच' अशी खात्री बाळगणे वेगळे आणि आशा वेगळी, असे तो मानी. आशा देवाला अटी घालीत नाही, आणि ती एकट्याने धरायची गोष्टही नाही. परीक्षेसाठी वाचले तेव्हा हे मला शब्दांचे खेळ वाटले होते.

हे लिहिताना माझेच टेबल समोर आहे. त्यावर चार पत्रे आहेत, त्यांतले एक फेब्रुवारीतले. एका कुटुंबाने हॉल मागितला होता. देता येणार नव्हता, आणि 'नाही' कसे म्हणावे म्हणून मी गप्प राहिलो. ते मात्र माझ्या उत्तरासाठी तीन महिने ताटकळले. कंपनीला नावे ठेवण्याआधी काल रात्री मी चारही उत्तरे लिहिली. तुमच्याकडे सोयरिकीचे, उसन्या पैशांचे, कामाला ठेवण्याचे कोणाचे उत्तर अडले असेल, तर पेन्टेकॉस्टपूर्वी देऊन टाका. नकार असला तरी द्या.

त्या युवकाने मी सांगितल्यावरून कंपनीला एक सभ्य ईमेल पाठवला आहे आणि आणखी दोन ठिकाणी अर्जही केला आहे. उत्तर अजून नाही. शुक्रवारपासून आपली नोव्हेना सुरू झाली आहे. बुधवारचे वाचन त्याच्याकडे आहे. मोबाईल घरी पप्पांकडे ठेवून येईन, असे तो म्हणाला आहे. पप्पा म्हणतात, तेही येणार आहेत. तेव्हा मोबाईलचे काय करायचे, ते दोघे ठरवीत आहेत.