आतली पडझड

कंधारच्या किल्ल्याला पाण्याचा खंदक आहे. त्याच्या काठाने फिरताना पूर्वी मला बाहेरून येणाऱ्या शत्रूचाच विचार सुचे. हल्ली मनात येते, एखाद्या रात्री आतलीच जुनी तुळई कोसळली असेल आणि दचकलेल्या पहारेकऱ्यांनी आपल्याच माणसांवर भाले रोखले असतील, तर?

ही शंका वाचनातून आली. आपली पेशी स्वतःचे मोडके भाग एका पिशवीत गुंडाळून पचवून टाकते. या स्वभक्षणाला ‘ऑटोफॅजी’ हे नाव १९६३ साली ख्रिश्चन द डुव्ह यांनी दिले. त्याची जनुके यीस्टमध्ये शोधणाऱ्या योशिनोरी ओसुमींना २०१६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. (तेव्हापासून एकादशीच्या कैवाऱ्यांना भलताच जोर चढला आहे, ते असो.)

पेशीत शिरलेल्या क्षयजंतूंचाही ही पिशवी फडशा पाडते, असे २००४ साली दिसून आले. मला विलक्षण वाटते ते तिचे दुसरे काम. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका अब्जावधी वर्षांपूर्वी स्वतंत्र जीवाणू होत्या. त्या फुटल्या, की सांडलेला ऐवज शरीराच्या उपजत पहारेकऱ्यांना जंतूसारखाच भासतो. शत्रू नसताना रणशिंग वाजते, दाह पेटतो. फुटके वेळीच पचवले, तरच पहारा शांत राहतो. २००८ साली उंदरांतून या यंत्रणेचे एक जनुक काढून पाहिले. त्यांच्या रक्षक पेशी दाहक द्रव्य भरमसाट ओकू लागल्या.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी वर्गात एका मुलाच्या थोबाडीत मारली. मी वाचून दाखवीत होतो आणि तो हसला, एवढेच. मागाहून कळले, तो खिडकीतल्या खारीकडे पाहून हसला होता. मला मात्र “हा तर नुसता मॅट्रिक” असे कुणीतरी पूर्वी चारचौघांत म्हटलेले ऐकू आले होते.

पहारा इमानी होता. मग अपराध कुणाचा? तो अपमान मी पचवला नाही. खरे सांगायचे तर पचू दिला नाही. माझी पहिली कादंबरी त्याच्यावरच उभी आहे. पेशीला आपल्या जखमेचे कौतुक नसते. आम्हा लिहिणाऱ्यांना असते, आणि त्या जखमेवर पोट भरताना तिची किंमत दुसऱ्याच्या गालाने मोजली, तर ते लेखन निर्दोष म्हणावे काय?

तो मुलगा आता बसस्थानकावर भेटतो. “गुरुजी, बरं हाय ना?” म्हणून विचारतो. मी बरे आहे म्हणतो, आणि त्याच्या डाव्या गालाकडे पाहण्याचे टाळतो.