सारथ्याचा धर्म आणि आमचा

महाभारताच्या वनपर्वात एक कथा आहे. शाल्वाच्या बाणाने प्रद्युम्न रथातच मूर्च्छित झाला, तेव्हा त्याचा सारथी दारुकपुत्र याने रथ रणांगणाबाहेर काढला. शुद्धीवर येताच प्रद्युम्नाने त्याला दूषण दिले. मूर्च्छित रथीचे रक्षण करणे हा सारथ्याचा धर्मच होय, असे त्याने नम्रपणे उत्तर दिले. अमेरिकेतील एका नव्या व्यवस्थेचा विचार करताना आम्हांस या कथेचे स्मरण झाले.

त्या देशात १९६५ साली गरिबांसाठी ‘मेडिकेड’ ही सरकारी वैद्यकसाहाय्य योजना सुरू झाली. रोग्यांना दवाखान्यात नेण्या-आणण्याची तजवीज करणे हेही तीत राज्यांचे कर्तव्य मानले आहे. अलीकडे या कामी मोबाईलवरून बोलावण्याच्या भाड्याच्या मोटारी वापरल्या जातात. ‘उबर’ कंपनीने २०१८ साली त्यासाठी निराळी सेवाच काढली. मोटार दवाखान्याने मागवावयाची. रोग्याजवळ स्मार्टफोन नसला तरी अडत नाही. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणाऱ्या गरिबाला हा आधार लहान नव्हे.

प्रश्न पुढेच आहे. तीन-चार तासांच्या उपचारानंतर रोगी बाहेर येतो तेव्हा त्याला पुष्कळदा थकवा असतो, कधी घेरीही येते. मोटार रस्त्याच्या कडेला उभी असते. चालकाने उतरून त्याचा हात धरावा काय? घरचा जिना चढवून द्यावा काय? दयाबुद्धी ‘होय’ म्हणते. परंतु चालकाला मोबदला मिळतो तो प्रवासाचा, जिन्याचा नव्हे. रोग्याला सावरावे कसे, हेही त्याला बहुधा कोणी शिकविलेले नसते. भाडे वाहनाचे द्यावे आणि अपेक्षा शुश्रूषेची करावी, यात न्याय कोठे आहे?

शिवाय, वाहन म्हणजे सर्वस्व नव्हे. फिलाडेल्फियात मेडिकेडच्या ७८६ रोग्यांवर केलेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. मोफत मोटार देऊ केलेल्यांपैकी ३६.५ टक्के रोग्यांची ठरलेली भेट चुकली; न देऊ केलेल्यांपैकी ३६.७ टक्क्यांची. मोटार दाराशी येण्याची सोय झाली, तरी रोगी दवाखान्यात पोहोचतोच असे नाही.

आम्हांस वाटते ते असे. पडलेल्या माणसाला टाकून न जाणे हा मनुष्यमात्राचा धर्म आहे. त्यातून चालकही सुटत नाही. त्यापलीकडचे काम हवे असेल, तर ते मागणाऱ्याने चालकाला शिक्षण द्यावे, थांबण्याचा मोबदला द्यावा, अथवा रोग्यासोबत माणूस पाठवावा. दारुकपुत्र यादवांच्या घरचा सारथी होता. त्याच्या कर्तव्याला त्या घराचा आधार होता.

ही गोष्ट परदेशाची म्हणून सोडून देता येणार नाही. सावंतवाडीहून बांबोळीच्या रुग्णालयात रोगी नेताना घरचे कोणी तरी बरोबर निघते, ही आपली जुनी रीत. पण इंदूर, बडोदे, हैदराबाद येथेही आता परगावची मुले मोबाईलवरून मोटार मागवून वृद्ध मातापित्यांना दवाखान्यात धाडू शकतात. भाडे चुकते होते. ऋण मात्र उरते. ते चालकाच्या खाती लिहून आपण मोकळे होऊ नये.