शुक्रवारचं चुपे

श्रीवर्धनच्या एका निवृत्त इतिहासशिक्षकांची लेक ह्यूस्टनला नोकरी करते. आईवडील तिच्याकडे राहायला गेले, तेव्हा तिघांनी मे महिन्यात पेरूला जायचं ठरवलं. बेत लेकीने आखला. एका आठवड्यात लिमा, कुस्को, माचू पिचू, आरेकिपा आणि कोल्काची दरी. जेवणाचा रकाना वेगळा होता आणि त्यात सातही दिवस एकच शब्द लिहिला होता : पाकिटं. उपमा, खिचडी, डाळभात. गरम पाणी ओतलं की झालं. पेरूत मुसलमानांची वस्ती अगदी थोडी. हलालचं मटण शोधत गावभर फिरण्यापेक्षा तो वेळ बघण्यात घालवावा, असा तिचा हिशेब.

मास्तरांनी कागद दोनदा वाचला. "बाळा, यात आपण पोचणार पुष्कळ ठिकाणी, राहणार कुठेच नाही. एकच गाव निवड. आणि जेवायचं ते त्या गावात."

"अब्बा, गावात काय जेवणार? तिथं डुकराच्या चरबीत तळतात, हाडांच्या पाण्यात सूप करतात. कुणाकुणाला विचारत बसणार?"

"विचारत बसायलाच तर सात दिवस हवेत."

कुस्को 3,400 मीटरवर आणि अम्मींना जिना चढतानाही धाप लागते, म्हणून निवड आरेकिपावर आली. हे 2,335 मीटरवरचं गाव स्पॅनिश लोकांनी 1540 साली वसवलं. ज्वालामुखीने ओकलेल्या राखेचा जो पांढरा दगड झाला, त्याला तिथे सिलार म्हणतात. जुन्या गावातली घरं, चर्चं, कमानी सगळं त्याच दगडाचं. 2000 साली हा भाग युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. गावाच्या डोक्यावर मिस्टी हा 5,822 मीटरचा ज्वालामुखी उभा आहे. मेमध्ये पाऊस संपलेला असतो, दिवसा लख्ख ऊन आणि रात्री कडक थंडी. शिवाय मास्तरांनी आणखी एक गोष्ट शोधून काढली होती. इथल्या नद्यांत मोठी कोळंबी मिळते, डिसेंबरच्या अखेरपासून मार्चपर्यंत तिच्या विणीसाठी पकडायला बंदी असते, पण मेमध्ये ती बाजारात येते. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे. हनफी घरांत कोळंबीवरून मतभेद निघतात, शाफई घरांत तो प्रश्नच नसतो.

सोमवारी दुपारी तिघं पोचली ती भुकेली आणि दमलेली. चौकाजवळच्या एका हॉटेलात लेकीने वेटरला स्पॅनिशमध्ये विचारलं, "या सूपमध्ये मटण आहे का?" तो "नाही" म्हणाला आणि पुढच्या टेबलाकडे वळला. सूप आलं. अम्मींनी पहिला चमचा तोंडाजवळ नेला आणि खाली ठेवला. मटणाचा तुकडा कुठे दिसत नव्हता, पण वास हाडांच्या रश्शाचा होता. लेक चिडली. "बघा अब्बा, म्हणूनच मी पाकिटं आणली. ही माणसं खोटं बोलतात."

"तो खोटं नाही बोलला. आपण घाईत अर्धंच विचारलं, त्याने अर्धंच सांगितलं." त्या दिवशी पाकिटं फुटली आणि मास्तरांनीही ती मुकाट्याने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाच ती यानावारा भागातल्या एका पिकांतेरियात गेली. पिकांतेरिया म्हणजे आरेकिपाची जुनी खानावळ. ती बहुतेक बायकाच चालवतात, जेवण दुपारचं असतं, लांब बाकांवर अनोळखी माणसं शेजारी शेजारी बसतात. 2014 साली पेरूने आरेकिपाच्या या खानावळींना राष्ट्राचा सांस्कृतिक वारसा म्हणून मान दिला. गिऱ्हाईक अजून आलं नव्हतं. आत एक साठीची बाई बाटानवर मिरच्या वाटत होती. खाली मोठा सपाट दगड आणि वर दोन्ही हातांनी डोलवायचा दुसरा. आपल्या पाट्या-वरवंट्याचाच दणकट भाऊ. अम्मी काही न बोलता तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. बाईने एकदा वर पाहिलं, हसली आणि बाजूला सरकली. अम्मींनी पदर खोचला.

आता विचारायला वेळ होता आणि सांगणाऱ्या बाईलाही वेळ होता. लेकीने एकेक करून विचारलं. तळायला तेल की चरबी? रस्सा कशाचा? डुकराचं मांस ज्या कढईत तळता, तीच कढई बटाट्यालाही का? मास्तरांनी मध्येच सांगितलं, "आमच्या धर्मात हे चालत नाही, म्हणून विचारतोय, हेही सांग त्यांना. तपासणी करायला आलोत असं वाटू देऊ नकोस."

बाईने वाटण थांबवलं आणि आपलं सगळं स्वयंपाकघर तोंडाने उलगडून दाखवलं. आज मंगळवार, आज चायरो, त्यात मांस, ते तुमच्यासाठी नाही. भरलेल्या रोकोतो मिरचीत गोमांसाचा खिमा, तेही नाही. पण सोल्तेरितो चालेल. त्यात बाकल्याचे दाणे, मका, टोमॅटो, ऑलिव्ह आणि ताजं चीज. ओकोपा चालेल; उकडलेल्या बटाट्यावर शेंगदाणे, चीज, मिरची आणि वाकाताय नावाच्या वासाच्या पाल्याचा दाट रस. मग तिने मक्याच्या चिचाचा मोठा पेला पुढे केला. मोड आलेला जांभळा मका आंबवून ती करतात, त्यामुळे मास्तरांनी छातीवर हात ठेवून नको म्हटलं आणि का नको तेही सांगितलं. बाई रागावली नाही. तिने आतून दुसरा जग आणला : चिचा मोरादा. तोच जांभळा मका, पण नुसता उकळलेला, दालचिनी-लवंग घातलेला.

जेवून उठताना तिने पैसे घेतले आणि म्हणाली, "शुक्रवारी या. शुक्रवारी माझ्या घरात मांस शिजत नाही. आईच्याही वेळी शिजत नव्हतं."

ती कॅथलिक चाल. आरेकिपात प्रत्येक वाराचं सूप ठरलेलं आहे. सोमवारी चाके, मंगळवारी चायरो, रविवारी काल्दो ब्लांको. शुक्रवारचं ते चुपे दे व्हिएर्नेस, बिनमांसाचं. कॅथलिकांचा उपवासाचा वार आणि मुसलमानांचा जुम्मा एका पातेल्यावर भेटतात, हे मला या सगळ्या गोष्टीतलं फार मोलाचं वाटतं.

बुधवारी ती सांता कातालिना मठात गेली. 1579 साली स्थापन झालेला हा मठ गावाच्या आत वीस हजार चौरस मीटरवर पसरलेलं दुसरं गावच आहे. लाल आणि निळ्या भिंती, आणि आतल्या गल्ल्यांना नावं सेव्हिया, कोर्दोबा, ग्रानादा अशी. ही सगळी कधीकाळी मुसलमानांच्या राज्यातली शहरं. ग्रानादा पडलं 1492 साली. ती सनावळी मास्तरांनी उभा जन्म फळ्यावर लिहिली होती. कोर्दोबा गल्लीत ते भिंतीला टेकून बसले ते तासभर उठले नाहीत. लेकीने घड्याळ पाहिलं, पण बोलली नाही. संध्याकाळी मुक्कामाच्या गच्चीवर तिने फोनवर किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, काढला. तो मिस्टी आणि पिचू पिचू या दोन डोंगरांच्या मधून जात होता. त्यानंतर फोनची गरज उरली नाही. डोंगर बघायचे आणि उभं राहायचं.

कोल्काची दरी मात्र लेकीने बेतात चोरून ठेवली होती. गुरुवारी पहाटे तीनला गाडी येणार, वाटेत 4,910 मीटरची खिंड ओलांडणार. बुधवारी रात्री तिने स्वतःच ती रद्द केली. अम्मींची धाप हे एक कारण, आणि दुसरं असं की त्या दुपारी पिकांतेरियातल्या बाईने अम्मींना बाजारात येतेस का म्हणून विचारलं होतं.

सान कामिलोच्या बाजारात दोघी पुढे आणि दुभाषी लेक मागे. बाईने कोळंबी उलटून पालटून घेतली. अम्मींनी डोकं दाबून ताजेपणा दाखवला, तेव्हा विक्रेती बाईकडे बघून हसली. काळ्या बियांची रोकोतो मिरची अम्मींनी हुंगून पाहिली आणि डोळे पुसले. निघताना बाईने नवं मातीचं मडकं घेतलं. "याच्यात अजून काही शिजलेलं नाही," ती म्हणाली. "तुमचं उद्याचं यात." ते कुणी तिच्याकडे मागितलं नव्हतं. लेक रस्त्यात थांबली आणि तिला क्षणभर स्पॅनिश सुचलं नाही.

शुक्रवारी दुपारची नमाज पढून तिघं तिकडे गेली. मडक्यात कोळंबी, भोपळा, मका, बाकल्याचे दाणे, बटाटा, समुद्रशेवाळ, दूध, वर अंडं. बाई आता अम्मींना 'कासेरिता' म्हणत होती; बाजारात नेहमीच्या गिऱ्हाइकाला असं म्हणतात. अम्मींनी दोनदा वाढून घेतलं. पेल्यात चिचा मोरादा होती. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने आपली आंबवलेली चिचा उचलून मास्तरांच्या पेल्याला लावली, आणि मास्तरांनीही आपला पेला पुढे केला.

उठताना बाईने बजावलं, "परवा सकाळी येऊ नका. रविवारी आम्ही आदोबो करतो, चिचात मुरवलेलं डुकराचं मांस. सगळ्या घराला त्याचाच वास असतो, तुम्हाला जेवण जायचं नाही." आपल्याच गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवणारी ही बाई त्या सात दिवसांत तिघांना सर्वांत जवळची वाटली.

लेकीच्या दोन मैत्रिणी पुढच्या जूनमध्ये आरेकिपाला निघाल्या आहेत. तिने त्यांना बेत लिहून दिला तो असा : मुक्काम एकाच जागी ठेवा. दुपारच्या जेवणाची चौकशी सकाळी दहाला जाऊन करा, कारण बाराला कुणालाच वेळ नसतो. तेल, रस्सा आणि कढई ही तीन वेगवेगळी विचारा, आणि का विचारता ते आधी सांगा. चिचा मोरादा घ्या, नुसती चिचा नको. रविवारची सकाळ मठासाठी ठेवा. शुक्रवार काही झालं तरी चुकवू नका.